टेक्सासात शॉटगनने रानडुक्कर आणि घरी भरलेली काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या पॉटलकला दरवर्षी कुणीतरी हातात मोदक घेऊन मला बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं, "खरंच डुकरं मारायला जातोस का रे?" हो, जातो. ऑस्टिनपासून तासाभरावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रँच आहे, गेली बरीच वर्षं तिथेच जातो, बारा गेजची पंप शॉटगन घेऊन, आणि सरावाची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय, जमेल तसं.

टेक्सासात एवढी रानडुकरं आली कुठून? तिथलीच आहेत का?

नाही, अमेरिका खंडात मुळात डुक्कर नव्हतंच. स्पॅनिश लोकांनी आणली, दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार १५३९ मध्ये फ्लोरिडाला उतरला तेव्हा सोबत डुकरांचा कळप होता. नंतरच्या वसाहतवाल्यांनी ती मोकळी सोडली, काही पळाली, आणि १९३० च्या दशकात हौशी शिकाऱ्यांसाठी युरोपातली अस्सल रानडुकरं टेक्सासात आणून सोडली, ती या मोकाट डुकरांत मिसळली. आज राज्यात वीस लाखांच्या वर आहेत. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की गाभण राहायला तयार, पोटात पिल्लं ठेवणार साधारण ११५ दिवस, इथले शेतकरी तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असा हिशोब सांगतात, आणि एका वेताला चार ते सहा पिल्लं. पुढचा हिशोब तुम्हीच करा.

माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, त्यामुळे पहिल्यांदा त्या रँचवर गेलो तेव्हा गाडीतूनच ओरडलो, अरे ही तर ज्वारी! इथे तिला मायलो म्हणतात, बुटकी असते, लाल दाण्याची, आणि जनावरांना घालतात, भाकरी वगैरे कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्या ज्वारीत रात्री पंधरा-वीस डुकरांचा कळप शिरला की सकाळी बघवत नाही. खातात कमी आणि आडवी जास्त करतात. आणि पेरणीनंतर लगेच आली तर सरळ ओळ धरून एकेक बी उकरून खात जातात, पेरणी यंत्राच्या मागोमाग चालल्यासारखी. म्हातारा शेतकरी मला शिकारी समजत नाही, तो मला फुकटचा राखणदार समजतो, आणि ते बरोबरच आहे.

लायसन्स लागतं का?

खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी हंटिंग लायसन्स लागत नाही. हा नियम १ सप्टेंबर २०१९ पासून आहे, टेक्सासात राहणारा असो नाहीतर बाहेरचा. सीझन नाही, किती मारायची याला मर्यादा नाही, रात्री मारली तरी चालतं. सरकारी जमिनीवर मात्र लायसन्स हवंच, आणि तिथले नियम जागेप्रमाणे वेगळे. पण टेक्सासातली जवळजवळ ९५ टक्के जमीन खासगी आहे, म्हणजे खरा प्रश्न ओळखीचा. कुणाचं तरी रँच माहीत पाहिजे.

आणि हो, कुंपणाच्या खांबावर किंवा झाडावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तो कुणाचा सणासुदीचा उत्साह नाही, कायद्याने त्याचा अर्थ "आत पाऊल टाकायचं नाही" असा आहे. जखमी डुक्कर पलीकडे गेलं तरी आधी फोन, मग पाय.

हेलिकॉप्टरमधून मारायलाही इथे २०११ पासून परवानगी आहे आणि २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही दिली. फुग्यातून! मला अजून कुणी भेटला नाही तसं करणारा.

मी एच-१बी वर आहे. मला चालेल का?

हा प्रश्न आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आणि यातच लोक फसतात, म्हणून नीट वाचा.

फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे, बंदूक जवळ ठेवायला बंदी आहे. आणि फक्त बंदूकच नाही, काडतूससुद्धा. याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आता गंमत बघा, टेक्सास म्हणतं डुकरासाठी लायसन्स नको, म्हणून मित्र म्हणतो चल रे काही लागत नाही, आणि तुम्ही जाऊन त्याची बंदूक हातात घेता. राज्याच्या कायद्यात तुम्ही ठीक, फेडरल कायद्यात गुन्हेगार. त्यामुळे डुकरासाठी लागत नसलं तरी तुम्हाला ते लायसन्स काढायचंच आहे, आणि तारीख लक्षात ठेवा, टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला सकाळी बंदूक कपाटात आणि लायसन्स संपलेलं, असं नको. लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो (२ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्यांना), मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो, एका शनिवारी उरकतो.

ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. तरीपण व्हिसाचं प्रकरण असेल तर तासाभराचे पैसे देऊन इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, माझ्यासारख्या डुक्करवाल्याला नको.

रानडुक्कर आणि हावेलीना यात गल्लत होते का?

होते, दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात तर हमखास. हावेलीना दिसतं डुकरासारखं पण ते डुक्कर नाहीच, वेगळ्या कुळातलं जनावर आहे, आणि त्याला सीझन, लायसन्स, मर्यादा सगळं आहे. लहान असतं, ४०-६० पौंडांचं, मानेभोवती पांढुरकी पट्टी, शेपूट जवळजवळ नाहीच. अंधारात नुसता आकार बघून बार काढायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

रायफल असताना शॉटगन कशाला?

खरं सांगू? माझ्याकडे आधी शॉटगनच होती. मोकळ्या शेतात दोनशे यार्डांवर मारायचं तर रायफलच बरी, वाद नाही. पण मी जिथे बसतो तिथे ओढ्याकाठी सीडरची दाट झुडपं आहेत, तीस-चाळीस यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. तिथे बारा गेजचा एक औंसाचा स्लग, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी, ४३७ ग्रेन (वजनाचं बारीक माप) शिसं, पाऊण इंचाच्या आसपास जाडीचं, जवळून बसला की जनावर फार लांब जात नाही. शिवाय शॉटगनमुळे जवळ जावं लागतं, वारा बघावा लागतो, पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. डुकराची नजर यथातथाच पण नाक असं की तुम्ही सकाळी कुठला साबण लावला तेही कळावं. वारा पाठीमागून असेल तर घरी जाऊन चहा प्या.

बारा गेज म्हणजे काय हेही विचारतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा गेज. म्हणून वीस गेज लहान. आकडा वाढला की भोक बारीक.

स्लग की बकशॉट?

स्लग. माझं मत पक्कं आहे आणि यावर मी पॉटलकला भांडलोय.

बकशॉट म्हणजे मोठे छर्रे, डबल-ऑटचा एक छर्रा ०.३३ इंचाचा, पावणेतीन इंची काडतुसात बहुतेक नऊ. ऐकायला भारी वाटतं, नऊ गोळ्या एकदम. पण २५ यार्डांपलीकडे ते पसरतात, दोन लागतात, एक पोटात जातो आणि बाकीचे रानात. त्यात मोठ्या नराच्या खांद्यावर ढाल असते, कातडीखाली कूर्चेसारखा घट्ट जाड थर, नर एकमेकांशी सुळ्यांनी भांडतात त्यातून वाचायला निसर्गाने दिलेला. त्यावर तिरका छर्रा बसला तर आत जाईलच याची खात्री नाही. पंधरा यार्डांवर झुडपातून अचानक निघालं तर बकशॉट ठीक, तेही नळीतून कागदावर मारून पसारा बघितलेला असेल तर. नुसतं यूट्यूब बघून नाही.

कुठला स्लग कुठल्या नळीत?

साधी गुळगुळीत नळी असेल तर फॉस्टर किंवा ब्रेनेके पद्धतीचा. आत रायफलिंगचे आटे असलेली नळी असेल तर सॅबोट, म्हणजे प्लास्टिकच्या खोळीतला स्लग. सॅबोट गुळगुळीत नळीतून मारला तर तो फिरत नाही, कोलांट्या खातो, आणि महागाचे पैसे मातीत.

फॉस्टरच्या अंगावर तिरक्या रेघा असतात त्यामुळे तो फिरतो असं सगळे सांगतात. तसा काही फिरत नाही. तो सरळ जातो कारण नाक जड आणि बूड पोकळ, बॅडमिंटनच्या फुलासारखा. रेघांचा खरा उपयोग म्हणजे चोकमधून, म्हणजे नळीच्या टोकाच्या आवळलेल्या भागातून, जाताना शिशाला दबायला जागा मिळते. चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे मोकळा, ठेवा, फुल म्हणजे घट्ट आवळलेल्या चोकमधून स्लग नको.

माझ्या बंदुकीतून ५० यार्डांवर पाच स्लग एका जेवणाच्या ताटात बसतात, वाटीत नाही. म्हणून माझी हद्द ५०. तुमची हद्द तुमचा कागद ठरवेल. आणि नळीच्या टोकावरच्या एका मण्यावर भागवू नका, साधी रायफलसारखी साइट किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावा.

नेम कुठे धरायचा?

हरणाची सवय असलेले इथे चुकतात. हरणाला खांद्याच्या मागे मारतात, डुकराचं काळीज आणि फुप्फुसं त्याच्यापेक्षा पुढे आणि खाली असतात, पार पुढच्या पायांच्या मध्ये. पाठीवरचे केस आणि उंचवटा यामुळे जनावर उंच दिसतं आणि नेम वर जातो. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ वर न्यायची आणि खालच्या तिसऱ्या भागात थांबायचं. थोडं तिरकं, मागून पुढे जाणारं मिळालं तर आणखी उत्तम, ढालही टळते. तोंड करून समोर उभं असेल तर थांबा. घाई कसली आहे.

काडतुसं घरी भरून पैसे वाचतात का?

नाही. म्हणजे स्लगमध्ये थोडे वाचतात, कारण दुकानात ते पाच-पाचच्या डबीत मिळतात आणि सराव करायचा तर डबी दोन मिनिटांत संपते. साध्या छर्‍याच्या काडतुसात तर आता हिशोब जेमतेम बरोबरीत येतो, प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) आणि तराजूचे पैसे धरले तर तोटाच. मी भरतो ते सरावासाठी. महिन्यातून पन्नास स्लग कागदावर मारायचे तर हलक्या भाराचे, खांदा न मोडणारे पाहिजेत, ते दुकानात शोधत बसण्यापेक्षा स्वतः केलेले बरे.

स्वतःसाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. विकायचा धंदा करायचा म्हटलात तर लागतं. मित्राला "चार देतो रे" हेही मी करत नाही, त्याची बंदूक वेगळी आणि काही झालं तर तोंड कुठे दाखवू.

भरायला काय काय लागतं?

हल म्हणजे रिकामं प्लास्टिकचं काडतूस, एकदाच वापरलेलं असेल तर उत्तम. प्रायमर म्हणजे टोपी, शॉटगनला २०९ नंबरची. दारू (प्यायची नाही, आई फोनवर दचकली होती, "गॅरेजमध्ये दारू भरतोय" म्हणालो तेव्हा). वॅड म्हणजे दारू आणि शिसं यांच्या मधला प्लास्टिकचा पेला. मग स्लग किंवा छर्रे. आणि तोंड बंद करायला क्रिंप, छर्‍याला घडीचा, बऱ्याच स्लगना वळवलेला.

यंत्र म्हणाल तर मेकचं साधं ६०० ज्युनिअर किंवा ली कंपनीचं लोड-ऑल, दोन्ही एका वेळी एकच काडतूस करतात, नवीन माणसाला तेच बरं. भरभर करणारं प्रोग्रेसिव्ह यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका. आणि डिजिटल किंवा दांडीचा तराजू, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा. तराजूशिवाय सुरुवात करणाऱ्याशी मी बोलत नाही.

दारू किती घालायची ते सांगाल का?

नाही. चिडू नका, कारण सांगतो.

पिस्तूल-रायफलवाले थोडं कमी घालून हळूहळू वाढवत जातात, ती सवय शॉटगनमध्ये चालत नाही. इथे छापील कृती जशीच्या तशी करायची असते. तोच हल, तोच प्रायमर, तीच दारू, तोच वॅड, तेवढंच शिसं. काही हल आतून निमुळते असतात, काही सरळ, जागा बदलली की दाब बदलतो. नुसता प्रायमर दुसऱ्या कंपनीचा लावला तरी दाब हजारो पीएसआयने (हे दाबाचं माप) सरकू शकतो, आणि पावणेतीन इंची बारा गेजची कमाल मर्यादाच ११,५०० पीएसआय आहे, रायफलच्या मानाने फारच कमी, नळीच्या भिंती बघा किती पातळ असतात. स्लग आणि छर्रे वजनाने सारखे म्हणून एकाची कृती दुसऱ्याला लावायची, हेही नाही. बकशॉटमध्ये छर्‍यांच्या मध्ये प्लास्टिकचा भुसा घालतात त्यानेही दाब वाढतो, म्हणून कृतीत लिहिलं असेल तरच. त्यामुळे आकडे दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्या, माझ्यासारख्या कुणी कुठेतरी टाइप केलेले नकोत. एक शून्य इकडेतिकडे झालं तर?

तुमच्याकडून कधी चूक झाली का?

झाली. प्रेसवर दारू एका बुशिंगमधून पडते, छोटं ठरावीक मापाचं भोक असतं. एका रविवारी मागे क्रिकेट लावलेलं, हात आपोआप चाललेला, आणि दारूची बाटली बुडाला आली होती हे दिसलंच नाही. दोन-तीन काडतुसांत जेमतेम चिमूटभर पडली असणार. पुढच्या आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर बार काढला आणि धडाम्‌च्या ऐवजी फुस्स, सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखं. माझा हात सवयीने पंप मागे ओढून पुढचं काडतूस आत घालायला निघाला होता, शेजारच्या बेंचवरच्या माणसाने माझा दंडच धरला. बंदूक रिकामी करून काठीने बघितलं तर वॅड नळीत मध्येच अडकलेला. पुढचा बार काढला असता तर नळी केळीच्या सालीसारखी सोलली गेली असती, आणि पुढचा हात तिथेच होता माझा.

तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच दारूची बाटली, बाटली अर्धी झाली की भरायची, दर दहावं काडतूस भरायच्या आधी दारू तराजूवर, क्रिंप करण्यापूर्वी टॉर्चने आत डोकावणं, आणि क्रिकेट बंद. तयार काडतुसंही वजन करून बघतो, एकदम हलकं लागलं की बाजूला.

स्लग घरी ओतता येतात का?

येतात, साचे मिळतात, शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. पण बाहेर मोकळ्यावर करा आणि पाण्याचा एक थेंबही भांड्याजवळ नको, थेंब शिशाखाली गेला तर वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. हात धुतल्याशिवाय खायचं नाही, कपडे वेगळे धुवायचे, घरात लहान मूल रांगत असेल तर हे काम राहू द्या, विकत घ्या.

जखमी होऊन झुडपात गेलं तर?

बसून राहायचं. अर्धा तास. घड्याळ बघून, कारण अंधारात पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. मग दोघांनी, दिवा घेऊन, रक्ताच्या मागावर, सावकाश. सुळे वस्तऱ्यासारखे असतात, वरचा आणि खालचा एकमेकांवर घासून धार लागते, आणि नेमके तुमच्या मांडीच्या उंचीवर. पडलेलं दिसलं तर मागच्या बाजूने जायचं, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं. पापणी हलली तर आणखी एक बार.

मटण खाता का? धोका नाही ना?

खातो. पण चामडी काढताना रबरी हातमोजे घालाच, हाताला काप असेल तर दोन जोड्या. रानडुकरांत ब्रुसेला नावाचा जंतू असतो आणि तो रक्तातून माणसाला होतो, ताप महिनोन्‌महिने सोडत नाही. शिजवताना आतलं तापमान १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, थर्मामीटर घालून. फ्रीझरमध्ये ठेवलं की किडे मरतात हे रानातल्या जनावराच्या बाबतीत धरून चालू नका. कुत्र्याला कच्चं तुकडाभरही नको, सूडोरेबीज म्हणून रोग असतो, माणसाला होत नाही पण कुत्रा वाचत नाही.

चवीला साठ-सत्तर पौंडांची मादी सगळ्यात छान. मोठ्या नराला असा उग्र वास असतो की शिजवलं तर घर सोडावं लागेल. खांदा मालवणी मसाल्यात, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, वरून दोन कोकमं, मंद आचेवर तीन तास. घरात चालत नसेल तर अंगणातल्या ग्रिलवर करा. माझ्याकडे हे डुकराचं पातेलं वेगळं आहे, तशी अटच होती.

हेच सगळं गावी, भारतात करता येईल का?

नाही. तिथे रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतं, पिकाची नासाडी होत असली तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि बंदुकीचं लायसन्स वेगळं. काडतूस घरी भरणं तर शस्त्र कायद्यात आणखी वेगळं प्रकरण. इथलं वाचून तिथे कुणी प्रयोग करू नका, काकांना फॉरवर्डही नको.

रात्री किती काडतुसं न्यायची?

मी सात नेतो. पाच दुकानातले स्लग, बंदुकीच्या बाजूला लावलेल्या पट्ट्यात, बूड खाली म्हणजे अंधारात बोटाला कळतं. दोन बकशॉट डाव्या खिशात, अडचणीसाठी, त्यांच्या बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका (बायकोची बाटली, तिला माहीत आहे). घरी भरलेली मी रानात नेतच नाही, फक्त रेंजवर. बहुतेक रात्री सातच्या सात परत येतात, कारण वारा फिरतो, लांबून एक "हुफ्फ" ऐकू येतं आणि कळप गेलेला असतो.